पोट भरतं, भाऊ

वर एका भाऊंनी लिहिलं की फ्रेंच टेस्टिंग मेन्यू (शेफनं ठरवलेले छोटे छोटे पदार्थ एकामागून एक येतात ते जेवण) म्हणजे परातीएवढी बशी आणि घासभर जेवण, उपाशीच उठावं लागतं. मला नाही पटत. मागच्या वर्षी पोरगी पॅरिसला होती, तिनं बारा-चौदा खुर्च्यांच्या एका हॉटेलात नेलं. आठ पदार्थ, अडीच तास. मधे ब्रेड-लोणी येतच होतं, उठलो तेव्हा पोट गच्च!

लक्षात राहिलं ते गाजर. वाळल्या गवतात भाजलेलं, वर लोण्याचा पातळ सॉस. तोंडात घातलं आणि वावरातला हुरडाच आठवला. गोवऱ्यांच्या आरात भाजलेल्या कणसाला येतो तोच धुरकट वास. शेफ स्वतः येऊन गाजर कुठल्या शेतातलं तेही सांगून गेला. (आमच्या यवतमाळकडे पाव्हण्याला वांगी कोणाच्या मळ्यातली ते सांगतात, तसंच.) १९७३ मध्ये गो आणि मियो या फ्रेंच खाद्यसमीक्षकांनी जड सॉस टाळा, शिजवणं बेताचं ठेवा, माल ताजा घ्या असा आग्रह धरला होता, हे जेवण त्याच वाटेवरचं.

जायचं असेल तर दुपारचं बघा, बहुतेक ठिकाणी स्वस्त पडतं. आणि शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा. आम्ही आठवडाभर आधी कळवलं होतं.