चर्चा: टूडी फायटिंग गेम टिकले ते आठवणींवर की खेळावर?

गंगापूररोडकर
"जुने फायटिंग गेम म्हणजे नुसत्या आठवणी," हे आमच्या मित्रमंडळीत वारंवार ऐकतो. मला ते अजिबात मान्य नाही.

टूडी म्हणजे बाजूने बघितलेलं सपाट मैदान, माणसं फक्त मागे-पुढे आणि वर. १९९१चा 'स्ट्रीट फायटर टू' घ्या. पडद्यावर दोन माणसं, मध्ये अंतर, वर घड्याळ. बस. त्यातल्या रियू या लढवय्याने हाडुकेन, म्हणजे हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा, सोडला की समोरच्याने तो अडवायचा, आपलाही गोळा सोडून विझवायचा, नाहीतर वरून उडी मारायची. उडी मारली की रियू खाली शोर्युकेन, म्हणजे वर उसळणारा ठोसा, घेऊन तयारच. म्हणजे हाडुकेन लागण्यासाठी सोडलेलाच नसतो, समोरच्याला उडी मारायला लावण्यासाठी असतो. हे एकदा डोक्यात शिरलं की गेम वेगळाच दिसायला लागतो. आणि हरलात तर का हरलात तेही समोर दिसतं. कॅमेरा फिरत नाही, काही लपत नाही.

घरच्या कन्सोलवरही हे सगळं आलं. १९९२मध्ये सुपर निन्टेंडोवर आला तेव्हा पॅडला सहा बटणं होती, तीन ठोसे आणि तीन लाथा, सहाही फटके बसले. सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलच्या पॅडला तीनच. स्टार्ट दाबून ठोसे आणि लाथा बदलत बसावं लागे. १९९३मध्ये सेगाचा सहा बटणांचा पॅड आला तेव्हा कुठे हात मोकळा झाला.

सिडकोवाला
भाऊ, तेव्हा नाशकात सुपर निन्टेंडो किती जणांकडे होता? आपल्याकडे टीव्हीला जोडलेला तो आठ बिटचा नकली डबा, दोन बटणांचा पॅड आणि कॅसेट. त्यातला 'स्ट्रीट फायटर' म्हणजे चोरून केलेली नक्कल, निम्मे खेळाडू गायब. खरा गेम व्हिडिओ गेम पार्लरमध्ये. तिथेही गर्दी 'मुस्तफा'वर, म्हणजे 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'वर, आणि तो तर एकमेकांविरुद्ध खेळायचाच नाही, सोबत खेळायचा गेम.

ओढ होती ती मागे नंबर लावून उभ्या पोरांची. हरलास की उठायचं, दुसरा बसणार. शोर्युकेन कोणाला जमत होता रे? सगळे बटणं बडवत होते. तू मांडलेली ती हाडुकेनची युक्ती खरी आहे, पण बहुतेकांना ती मोठेपणी व्हिडिओ बघून कळली. प्रेम आधी जडलं, कारणं नंतर सापडली.

देवळालीची
दोघांनाही विचारते, 'टेकन थ्री' हा थ्रीडी फायटिंग गेम विसरलात का? पहिल्या प्लेस्टेशनवर तासाच्या भावाने लोक तोच खेळायचे. चार बटणं: डावा हात, उजवा हात, डावा पाय, उजवा पाय. पहिल्यांदा पॅड हातात घेतलेल्या मुलीलाही कळतं की आपण काय दाबलं आणि काय झालं. वर बाजूला सरकून वार चुकवता येतो.

टूडीत मात्र खाली, तिरकं, पुढे आणि मग ठोसा, तेही पटकन. ते जमेपर्यंत निम्मे लोक पॅड ठेवून उठतात. २०२३च्या 'स्ट्रीट फायटर सिक्स'ला शेवटी एका बटणावर खास फटके देणारी 'मॉडर्न' पद्धत आणावीच लागली. खेळ इतका उघड आणि स्वच्छ असता तर ही सोय कशाला लागली असती?

गंगापूररोडकर
ताई, ती सोय माझ्याच बाजूने बोलते. बोटांची कसरत काढून टाकली तरी खाली खेळ उरतोच: अंतर, अंदाज, समोरच्याची सवय. एका बटणावर शोर्युकेन दिला तरी तो कधी मारायचा हे बटण सांगत नाही.

आणि सिडकोवाल्या, गर्दी हेच कारण असेल तर पार्लर बंद पडल्यावर हे गेम संपायला हवे होते. २००४च्या इव्हो या फायटिंग गेमच्या स्पर्धेतला 'स्ट्रीट फायटर थ्री: थर्ड स्ट्राइक'चा तो सामना बघ. डायगो उमेहाराच्या केनची जीवाची पट्टी जवळपास रिकामी. जस्टिन वाँगच्या चुन-लीने सुपर, म्हणजे सलग लाथांचा मोठा वार, सोडला. नुसता अडवला असता तरी केन संपला असता, कारण सुपर अडवल्यावरही थोडं रक्त जातंच. डायगोने एकेका लाथेला नेमक्या क्षणी स्टिक पुढे ढकलली, सगळ्या परतवल्या आणि फेरी जिंकली. गेम १९९९चा. लोक आजही तो तुकडा बघतात, आणि त्यातल्या कित्येकांनी पार्लर कधी पाहिलेलंच नाही.

'गिल्टी गिअर झर्ड'ने २०१४मध्ये थ्रीडी मॉडेल वापरून ते हाताने काढल्यासारखं दिसावं म्हणून जिवापाड मेहनत घेतली. तंत्र बदललं, मैदान एकरेषीच ठेवलं.

नाशिकरोड_पॅड
घरच्या आवृत्त्यांचं कौतुक जरा जपून. हाताने काढलेल्या चित्रांना मेमरी फार लागते. 'एक्स-मेन विरुद्ध स्ट्रीट फायटर' सेगाच्या सॅटर्न कन्सोलवर ४ एमबी जादा मेमरीची कार्ट्रिज लावून आला, म्हणून सामना चालू असताना जोडीदार बदलता यायचा. प्लेस्टेशनवर नेमकं तेच काढून टाकलं, म्हणजे गेमचा जीवच गेला. निओ जिओ या कन्सोलवर पार्लरसारखाच गेम घरी मिळायचा, पण अमेरिकेत त्या मशीनची किंमत ६५० डॉलर. त्यामुळे 'कन्सोलवरचा टूडी फायटर' ही एकच गोष्ट नव्हतीच. कोणी कुठला खेळला त्यावर त्याचं मत ठरलं.

सिडकोवाला
मुद्दा पटला. म्हणूनच म्हणतो, आपल्या पिढीचं मत इथे कामाचं नाही. इंदिरानगरला आमच्या सोसायटीत दहा-बारा वर्षांची पोरं आहेत, त्यांना १९९१ काय ते माहीत नाही. जुन्या टूडी गेमचा संग्रह त्यांच्यापुढे ठेव. दुसऱ्या रविवारी त्यांनी आपणहून मागितला तर मी मान्य करेन. पण आधी काही शिकवायचं नाही.

देवळालीची
आणि शेजारी 'टेकन' पण ठेवा. मुलं कुठल्या पॅडकडे वळतात ते बघू.

गंगापूररोडकर
'टेकन' ठेवा, हरकत नाही. पण हाडुकेन मी शिकवणारच. बुद्धिबळाचा पट मांडून घोडा कसा चालतो ते कोणी लपवून ठेवतं का? रविवारी संध्याकाळी येतो, टीव्हीला एचडीएमआय आहे ना ते तेवढं सांग.