शब्दचर्चा: ‘मंद’ दीर्घिका की ‘पुसट’ दीर्घिका?

प्रश्न
कोल्हापुरातल्या आमच्या शाळेच्या आकाशदर्शनासाठी माहितीपत्रक लिहितेय. गेल्या डिसेंबरात पन्हाळ्यावर त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ ही सर्पिल दीर्घिका दाखवायची होती. तिची प्रत (तेजाचा आकडा; तो जितका मोठा, तितका उजेड कमी) ५.७. दुर्बिणीत आठव्या प्रतीचे तारे टिपूर दिसत होते, पण दीर्घिका निम्म्या मुलांना दिसलीच नाही. पत्रकात मी ‘मंद दीर्घिका’ लिहिलं होतं. एका मुलीनं विचारलं, “बाई, तारा हिच्याहून मंद, मग तो कसा दिसतो?” शब्द कोणता वापरू?

उत्तर
बाई, पोरीनं नेमकं बोट ठेवलंय. मंद दिवा, मंद तारा: ‘मंद’ एकूण उजेडाबद्दल बोलतो. एम ३३ चा एकूण उजेड बक्कळ आहे, पण तो पूर्ण चंद्राच्या दुपटीहून लांब पसरलाय. गुऱ्हाळावर वाटीतली काकवी काळसर दिसते. तीच परातभर पसरली की तळ दिसायला लागतो. काकवी तेवढीच. मी ‘पुसट’ म्हणेन.

उत्तर
‘पुसट’ला हरकत आहे. पाटीवरचं अक्षर पुसट होतं, कारण ते आधी ठळक असतं. दीर्घिका कुणी पुसली? ‘अंधुक’ म्हणा.

उत्तर
काका, ‘मला पुसटशीही कल्पना नव्हती’ म्हणतो, तेव्हा ती कल्पना आधी कुठं ठळक असते? आणि अंधुक दिसायला लागलं की माणूस चष्म्याचा नंबर काढायला जातो. तिथं दोष डोळ्याकडे किंवा उजेडाकडे जातो. पुसट गोष्ट मागच्या रंगात मिसळलेली असते, तिची कड सुटत नाही. इथं तेच घडतं. आकाशाच्या उजळपणात दीर्घिका विरघळते, म्हणून शहरातून ती मिळतच नाही.

उत्तर
‘विरळ’ही जपून ठेवा. १९८६ साली सापडलेली मॅलिन १ ही दीर्घिका सुमारे साडेसहा लाख प्रकाशवर्षं रुंद, तरी तिची तबकडी रात्रीच्या आकाशाहून फिकी. वायू भरपूर, पण इतका पातळ पसरलेला की तारे फार सावकाश घडतात. ती घडणीनं विरळ, म्हणून दिसायला पुसट. एम ३३ त्या टोकाची नाही, तिला नुसतं ‘पुसट’ पुरे.

प्रश्नकर्ती
पत्रकात आता असं लिहिलंय: ‘एम ३३, पुसट दीर्घिका. थेट बघू नका, नजर जरा बाजूला ठेवा.’ नाम काय करू, पुसटता?

उत्तर
पुसटपणा. ठळकपणा आहेच, त्याच्या जोडीला.