लेक बारावीत जातेय. क्लास सोडून अजून काय तयारी करून घ्यावी?

जाईजुई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही बार्शीचे. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती (सेमी नाही, पूर्ण मराठी). आत्ता अकरावी सायन्स झालं, जूनपासून बारावी. गणित आणि फिजिक्स मनापासून आवडतं, बायोही सोडलेलं नाही. इंजिनिअरिंग की बीएस्सी, हे तिचं ठरत नाहीये. आमच्या दोघांच्याही घरी बारावीपुढे कुणी गेलेलं नाही. ह्यांचं किराणा दुकान आहे. आम्ही ओबीसी, उत्पन्न ८ लाखांच्या बरंच आत.

जो भेटतो तो क्लासचंच बोलतो. क्लास आहे, इथलाच आहे, आणि तो बदलायचा नाहीये. मला विचारायचंय ते त्यापलीकडचं. माझ्या नणंदेचा मुलगा दोन वर्षांपूर्वी चांगल्या पर्सेंटाइलवर पुण्याला गेला. पहिल्याच वर्षी विषय राहिले आणि तो घरी येऊन बसला. पोरगा हुशार आहे हो. मग कुठं कमी पडलं? तो तोंड उघडत नाही.

इंग्रजीचं काय करावं? कागदपत्रं कधी काढायची? आणि आमची लेक आजवर एकटी सोलापूरलासुद्धा गेलेली नाही, त्याचं काय?

खडूफळा

३१ वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, त्या भरवशावर फक्त इंग्रजीबद्दल लिहितो.

मराठी माध्यमाच्या मुलाला फिजिक्स येत असतं. अकरावीच्या पहिल्या आठवड्यात त्याची सगळी नावं बदलतात. त्वरणाचं अॅक्सिलरेशन होतं, संवेगाचं मोमेंटम, अपवर्तनाचं रिफ्रॅक्शन. आम्लारी म्हणजेच बेस आणि क्षार म्हणजेच सॉल्ट, हे माझ्या एका विद्यार्थिनीला दिवाळीच्या सुमारास उमगलं. तोवर केमिस्ट्री आपल्याला झेपत नाही असं तिनं ठरवूनही टाकलं होतं. तुमच्या मुलीची अकरावी झालीय, म्हणजे निम्मा पूल तिनं पार केला असेल. तरी एकदा तपासा. बालभारतीच्या संकेतस्थळावर दहावीच्या विज्ञानाची पुस्तकं दोन्ही माध्यमांत फुकट उतरवता येतात. धडे त्याच क्रमाने आहेत. मराठी आणि इंग्रजी पुस्तक शेजारी शेजारी ठेवायचं आणि वहीत दोन रकाने आखून शब्द उतरवायचे. मे महिन्यात रोज तासभर पुरे. 'स्पोकन इंग्लिश'च्या क्लासला पैसे घालू नका. तिथं हॉटेलात चहा कसा मागवायचा ते शिकवतात.

सीईटीला (राज्याच्या प्रवेश परीक्षेला) फिजिक्स आणि केमिस्ट्रीचा पेपर मराठीतून घेता येतो, गणिताचा फक्त इंग्रजीतून असतो. माझं मत विचाराल तर तिनं सगळंच इंग्रजीतून द्यावं. दोन वर्षं ज्या शब्दांत अभ्यास केला त्याच शब्दांत प्रश्न वाचणं सोपं.

आणखी एक. क्लासवाले छापील नोट्स देतात. कॉलेजात मास्तर बोलतो, फळा पुसतो आणि निघून जातो. आत्तापासून आठवड्यातून दोनदा २० मिनिटांचं एखादं व्याख्यान मोबाईलवर लावा आणि मध्ये न थांबवता तिला टिपणं काढू द्या. पहिल्या चार खेपांना रडेल.

दाखलेवाला

आमचं सेवा केंद्र आहे, त्यामुळे दर जुलैमध्ये ही रडारड डोळ्यांसमोर असते. ताई, कागदपत्रं आत्ता.

सगळ्यात आधी जात पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी. बारावीचं कॉलेज उघडलं की पहिल्या आठवड्यात कॉलेजमार्फत अर्ज करा. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख लक्षात ठेवा. त्याआधीचा वडिलांकडच्या घराण्यातला पुरावा लागतो. आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा दाखला असेल तर उत्तम. नसेल तर तहसीलमध्ये कोतवाल बुक किंवा गाव नमुना १४, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदींची नक्कल मिळते का ते बघावं लागतं, आणि त्यात महिने जातात. घरात कुणा सख्ख्या काकाची, आत्याची व्हॅलिडिटी झालेली असेल तर काम फार हलकं होतं.

दुसरं नॉन-क्रीमी लेयर. ते ३१ मार्चपर्यंतच्या मुदतीचं असतं, तेव्हा प्रवेशाच्या वर्षाला पुरेल असं हवं. इथं एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: राज्याचं आणि केंद्राचं प्रमाणपत्र वेगळं. जेईई किंवा आयसरसाठी (केंद्राच्या विज्ञान शिक्षणसंस्था) केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, तेही त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, हेही आधी बघा. राज्याच्या यादीत आहे म्हणून केंद्राच्या यादीत असेलच असं नाही.

डोमिसाइल, म्हणजे राज्याचा रहिवासी दाखला, एकदाच काढायचं, सोपं आहे. पण आधार, दहावीचं मार्कलिस्ट, बँक पासबुक यांवर नावाचं स्पेलिंग एकच असू द्या. एका मुलीच्या आधारवर वडिलांच्या नावात एक 'ए' जास्त होता, त्यापायी तिची शिष्यवृत्ती वर्षभर लटकली. महाडीबीटीचे (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात, तेव्हा खातं तिच्या स्वतःच्या नावावर आणि बँकेत जाऊन आधार जोडलेलं पाहिजे.

फीचं: ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ आहे. प्रवेश कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. होस्टेल, मेस, 'इतर शुल्क' हे तुमच्याच खिशातून. आमच्याकडच्या एका मुलीकडून तरीही पूर्ण फी मागितली होती. जीआरची प्रत काढून टेबलावर ठेवली, मग आवाज खाली आला.

केटीसम्राट

ताई, तुमच्या नणंदेच्या मुलाच्या जागी मीच होतो. आता थर्ड इयरला आहे, सगळ्या केट्या (राहिलेले विषय) निघाल्या, नाव मात्र अभिमानाने ठेवलंय.

मी इंटिग्रेटेडवाला. म्हणजे अकरावी-बारावीला कॉलेजचं नाव फक्त फॉर्मवर. दिवसभर क्लास, प्रॅक्टिकलला वर्षातून चार चकरा आणि जर्नल मित्राचं बघून. पर्सेंटाइल भारी आला. पुण्यात पहिल्या लॅबमध्ये सरांनी स्क्रू गेज हातात दिला आणि रीडिंग घ्यायला सांगितलं. मी तो आयुष्यात पहिल्यांदा हातात धरला होता. फिरवत बसलो नुसता.

पण खरी गोची पेपरात झाली. दोन वर्षं चार पर्यायांतून एक गोल काळा करत होतो. उत्तर ओळखायला शिकलो होतो, लिहायला नाही. युनिव्हर्सिटीच्या पेपरात डेरिव्हेशन लिही म्हटल्यावर पहिली ओळ सुचेना. क्लासमध्ये कुणी तरी रोज टेस्ट घेत होतं, मार्क घरी पाठवत होतं. इथं कुणालाच पडलेली नसते. सेमिस्टर चार महिन्यांत संपतं, त्यातला पहिला महिना ओळखीपाळखीत, दुसरा गणपतीत.

तर माझा सल्ला: बारावीत बोर्डाचे जुने पेपर तीन तास बसून, पेनानं, पूर्ण लिहायला लावा. सीईटीच्या नादात बोर्ड सोडू नका. आणि कॉलेजचं प्रत्येक प्रॅक्टिकल तिनं स्वतःच्या हातानं करू दे.

भावाचं म्हणाल तर 'नापास का झालास' असं विचारू नका. चहा पाजा आणि विषय कोणते राहिले तेवढंच विचारा. एम-वन (गणिताचा पहिला पेपर) आणि मेकॅनिक्स असणार, पैज. माझ्या घरचे फोनवर 'जेवलास का' एवढंच विचारायचे. मी 'हो' म्हणायचो, विषय संपायचा. बऱ्याचदा जेवलेलोही नसायचो.

डॅलसकर

आमच्याकडे अमेरिकेत हायस्कूलमध्ये ही तयारी नववीपासूनच सुरू होते. एपीचे (कॉलेज पातळीचे) विषय निवडायचे, एसएटी, स्वयंसेवी काम, मग अर्जासोबत स्वतःबद्दलचा निबंध. माझ्या मुलानं तो निबंध नऊ वेळा लिहिला. ताई, मुलीला एखाद्या सामाजिक उपक्रमात घाला, प्रोफाइल तयार होतं.

दाखलेवाला

दादा, आमच्या कॅपच्या सर्व्हरला निबंध वाचता येत नाही. पर्सेंटाइल, कॅटेगरी आणि ऑप्शन फॉर्म, एवढंच त्याला कळतं. :)

अवांतरावरून आठवलं: ऑप्शन फॉर्म आवडीच्या क्रमानं भरा, गेल्या वर्षीच्या कटऑफच्या क्रमानं नको. पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचा पर्याय मिळाला की तोच पक्का होतो, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून कुठलंतरी कॉलेज एक नंबरला टाकून अडकलेली पोरं दरवर्षी येतात.

अर्धविराम

डॅलसकरांना एवढंही उडवून लावू नका. अझीम प्रेमजी विद्यापीठासारख्या ठिकाणी प्रवेश परीक्षेनंतर मुलाखत असते, तिथं 'तू काय वाचतेस, काय करतेस' याला उत्तर लागतं. पण ते नुसतं प्रोफाइल म्हणून केलेलं असेल तर पाच मिनिटांत उघडं पडतं.

मी लिहितेय ते बीएस्सीबद्दल, कारण धाग्यात त्यावर कुणी अवाक्षर काढलेलं नाही. आपल्याकडे बीएस्सी म्हणजे कुठंच नंबर न लागलेल्यांचं, अशी समजूत आहे, आणि हुशार मुलगी फिजिक्स आवडतं म्हणाली की नातेवाईक हळहळतात. ताई, तिनं आयसरची आयएटी परीक्षा जरूर द्यावी. ६० प्रश्न असतात. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी प्रत्येकी १५. तिनं बायो सोडलेलं नाही ही इथं मोठी जमेची बाजू. देशात ७ आयसर आहेत, त्यातलं एक पुण्यात पाषाणला, २००६ पासूनचं. नेस्ट नावाची आणखी एक परीक्षा असते, तिच्यावर भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईचं सीईबीएस, दोन्हीकडे प्रवेश होतो. आयएटी आणि नेस्ट, दोन्हींना निगेटिव्ह मार्किंग आहे, सीईटीला नाही. तेव्हा सीईटीची 'सगळे गोल भरून टाक' ही सवय इथं अंगाशी येते.

केटीसम्राटच्या बोर्डाच्या मुद्द्याला जोड: आयसरला ओबीसीसाठीही बारावीला ६० टक्के लागतात. आणि राज्य मंडळाच्या पहिल्या १ टक्क्यात आलेल्या मुलांनी मूलभूत विज्ञान घेतलं तर त्यांच्यासाठी इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८०,००० रुपयांची. त्या वर्षीची जाहिरात मात्र बघून घ्या. फीमाफीचा जीआर साध्या बीएस्सीला लागू नाही, हा हिशोबही मांडा.

शक्य असेल तर जूनच्या आधी तिला एखादा कॅम्पस दाखवा. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था सर्वांसाठी खुली असते, पण पुढच्या फेब्रुवारीत तिची बोर्डाची परीक्षा. धाकटं भावंड असेल तर त्याला न्या.

एसटीची खिडकी

राहण्याचं कुणी बोललं नाही. पुण्यात यायचं ठरलं तर विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहाची चौकशी करा. १९५५ पासून खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी काम करतात, मुलींचीही सोय आहे. खर्च खासगी होस्टेलच्या मानानं खूप कमी, पण मुलाखत असते आणि आतली कामं आळीपाळीनं करावी लागतात. रॅगिंगची भीती सगळ्या आयांना असते. यूजीसीची २४ तासांची हेल्पलाइन आहे, १८००-१८०-५५२२. तिच्या मोबाईलमध्ये आत्ताच घालून ठेवा.

एकटीनं जाण्याचं म्हणाल तर मी भोर तालुक्यातली. पहिल्यांदा एकटी पुण्याला गेले ती थेट ॲडमिशनलाच, स्वारगेटला उतरून अर्धा तास नुसती उभी होते, कारण रिक्षावाल्याशी काय बोलायचं ते माहीत नव्हतं. आता ते वरचे दाखले बघा. सेतू, बँक, कॉलेजचं ऑफिस, जात पडताळणी समितीचं ऑफिस. ही सगळी कामं तुम्ही किंवा भाऊजी करणार असाल ना? तिला करू द्या. फॉर्म तिनं भरायचा, खिडकीवर तिनं उभं राहायचं, 'उद्या या' तिनं ऐकून घ्यायचं. तुम्ही पहिल्या खेपेला फार तर बाहेरच्या बाकावर बसा.

खडूफळा

हे लाख मोलाचं बोललात. आमच्या ऑफिसात मुलाच्या वतीनं बाप बोलायचा आणि मुलगा मोबाईलकडे बघत उभा असायचा. त्याला त्याची ब्रँच विचारली तरी तो बापाकडे बघे.

जाईजुई

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण घरात धाग्याची पारायणं चालू होती. लेकीनं स्वतः वाचला. वहीचे दोन रकाने सुरू झालेत, ११२ शब्द झाले, त्यातले ३० तिला खरंच माहीत नव्हते म्हणे. टिपणांचा प्रयोग केला. सर, पहिल्या खेपेला रडली नाही, चिडली.

केटीसम्राट, पैज जिंकलात. एम-वन, मेकॅनिक्स आणि वर ग्राफिक्स. चहाचे दोन कप झाल्यावर सांगितलं. मेसचं जेवण सोसत नव्हतं म्हणून दोन महिने वडापाववर होता, तेही तेव्हाच कळलं. तुमचं नाव सांगितल्यावर पहिल्यांदा हसला. त्याला तुमच्याशी बोलायचंय, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

आजेसासऱ्यांचा शाळेचा दाखला पेटीत सापडला, १९४९ चा. पण त्यात आडनाव नाही, नुसतं नाव आणि वडिलांचं नाव, जात लिहिलेली आहे. चालेल का? मंगळवारी लेक सोलापूरला पडताळणी समितीच्या ऑफिसात चौकशीला जाणार आहे, एकटी. हे स्टँडपर्यंत सोडणार म्हणतात.

दाखलेवाला

जात लिहिलीय ना, मग पुरावा म्हणून जोडाच. आडनावासाठी वंशावळीचं शपथपत्र तयार करा आणि आजोबांचा आडनावासकट एखादा कागद, सातबारा किंवा जुनं रेशनकार्ड, सोबत लावा. मूळ दाखला तिच्याकडे देऊ नका, झेरॉक्स द्या. आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं जाऊ दे, दुपारी साहेब जागेवर सापडत नाहीत.