पावसाळ्यात गोल्फची चिप मारताना क्लब चेंडूआधीच जमिनीत रुततो

मडगावचा नवशिका
ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) कडेपासून १५-२० यार्डांवरून ५६ अंशांच्या वेजने, म्हणजे जास्त तिरक्या पात्याच्या क्लबने, चिप (छोटा, हलका फटका) मारतो. पाऊस लागल्यापासून दोनच प्रकार होतात: क्लब चेंडूच्या चार बोटं मागे जमिनीत घुसतो आणि चेंडू जेमतेम दोन हात जातो, नाहीतर पात्याची धार चेंडूच्या पोटावर बसते आणि तो ग्रीन ओलांडून पलीकडे. एप्रिलात असं होत नव्हतं. चेंडू मागच्या पायासमोर ठेवतो, हात बरेच पुढे. वेजवर ५६-०८ कोरलंय. उजव्या हाताने खेळतो.

काणकोणकर
रोग त्या ०८ मध्ये आणि पुढे झुकलेल्या दांड्यात आहे. ०८ म्हणजे ८ अंशांचा बाउन्स, पात्याच्या तळाचा तो फुगवटा जो क्लबला रुतू देत नाही. दांडा जितके अंश पुढे झुकवाल तितका बाउन्स कमी होतो. ८ अंश झुकवलात की तो संपला, उरली नुसती धार. एप्रिलात जमीन घट्ट होती म्हणून तिने तुमची चूक झाकली. ओली जमीन कसली झाकतेय!

चेंडू पायांच्या मधोमध आणा. दोन पायांत वीतभर अंतर पुरे. दांडा जवळजवळ सरळ, मुठी पँटच्या चेनच्या किंचित डावीकडे. साठ टक्के भार डाव्या पायावर, आणि क्लब मागे जाताना तो भार तिथेच राहिला पाहिजे. चेंडू ‘उचलायला’ जाल तर भार उजवीकडे सरकतो, स्विंगचा तळ चेंडूच्या मागे पडतो. मग क्लब आधी माती खातो, किंवा तळ ओलांडून वर येताना चेंडूच्या पोटावर आदळतो. तुमचे दोन्ही फटके एकाच चुकीची पोरं आहेत.

फोंड्याचा ग्रीनकीपर
सहमत, पण स्विंग बदलण्याआधी क्लब तपासा. चवथीपर्यंत जमीन मऊच असणार. १२ अंशांच्या आसपास बाउन्सचा वेज कुणाकडून तरी मागून एकदा मारून बघा. मात्र तोच वेज उन्हाळ्यात कडक जमिनीवर नेलात तर तळ आपटून उसळेल आणि पुन्हा पोटावर बसेल.

मध्ये बंकर (वाळूचा खड्डा) किंवा पाणी नसेल तर मी वेज काढायलाच सांगणार नाही. ९ नंबरच्या लोखंडीने (आयर्न क्लबने), पटरसारखी (ग्रीनवर चेंडू घरंगळवायच्या क्लबसारखी) पकड धरून, मनगट न मोडता ढकला. कोरड्या, सपाट ग्रीनवर एक भाग हवेत, साधारण तीन भाग घरंगळत असा ठोकताळा आहे. ओल्यात घरंगळणं बरंच घटतं, त्यामुळे टप्पा होलच्या जवळ धरा. गवताची टोकं तुमच्याकडे वळलेली असतील तर पातं आणखी अडकतं, तेव्हा वेज नकोच.

बाणावलीची सकाळ
सरावासाठी ओहोटीची ओली, घट्ट रेती घ्या. चेंडू नको. काठीने रेघ ओढा, ती दोन पायांच्या मध्ये धरून दहा स्विंग करा. प्रत्येक ओरखडा रेघेवर किंवा तिच्या डावीकडे सुरू व्हायला हवा. दहात आठ जमेपर्यंत चेंडू काढू नका. रेती खरवडायची, खणायची नाही. जुनाच क्लब न्या आणि नंतर गोड्या पाण्याने धुऊन पुसा, खारं पाणी लोखंडाला सोडत नाही.

मैदानावर चेंडूच्या वीतभर मागे घडी घातलेला टॉवेल ठेवा. टॉवेलला लागलं की भार मागे राहिला, एवढं साधं.

मडगावचा नवशिका
आभार. पण चेंडू चिखलात स्वतःच्याच खड्ड्यात रुतून बसला तर?

काणकोणकर
फेअरवे (कापलेलं गवत) किंवा रफमध्ये (वाढलेलं गवत) असाल, चेंडू आपल्याच टप्प्याने पडलेल्या खड्ड्यात असेल आणि त्याचा थोडा भाग जमिनीच्या पातळीखाली असेल, तर नियम १६.३ प्रमाणे दंडाशिवाय सुटका मिळते. चेंडूच्या लगेच मागची जागा खूण करा, तिथून एका क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून सोडा. चेंडू पुसूनही घेता येतो. बंकरमध्ये ही सवलत नाही बाब, तिथे आहे तसा मारा.