मदत हवी आहे : चिचिकास्तेनांगोच्या बाजारात स्पॅनिशमधून नीट बोलायचं कसं?

नमस्कार मंडळी,

सध्या ग्वातेमालात, आंतिग्वाला स्पॅनिश शिकतेय. तिसरा आठवडा चालू आहे. रोज सकाळी चार तास शिक्षिका आणि मी, दोघीच. वर्गात बरं बोलता येतं. या रविवारी चिचिकास्तेनांगोच्या बाजाराला गेले (गुरुवारी आणि रविवारी भरतो) आणि तिथे अडले.

सांतो तोमास चर्चच्या अठरा पायऱ्या माया पंचांगातल्या वीस-वीस दिवसांच्या अठरा महिन्यांच्या आहेत, असं सांगतात. खाली फुलवाल्या, वर कोपालचा धूर, अगदी आपल्या ऊद-धुपासारखा. शेजारच्या गल्लीत एक आजी माग लावून बसल्या होत्या. मागाचं एक टोक खांबाला, दुसरं पट्ट्याने कमरेला. त्या जरा मागे रेलल्या की ताणा ताठ व्हायचा, पुढे झुकल्या की सैल.

एक कापड आवडलं. त्यांनी भाव सांगितला, मी एकशे साठ केत्साल दिले. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या आणि काही न बोलता कापड हातात ठेवलं. परतीच्या बसमध्ये तो आकडा मनात म्हणून पाहिला तेव्हा कळलं, त्या 'सेतेन्ता' (सत्तर) म्हणाल्या होत्या, मी 'सेसेन्ता' (साठ) ऐकलं. दहा केत्साल कमी दिले. शिवाय मी त्यांना 'तू' म्हणत होते. आपण घरी आजीला तूच म्हणतो आणि स्पॅनिशमध्येही शब्द तोच, म्हणून सहज तोंडून गेलं. त्या नातीशी किचे या माया भाषेत बोलत होत्या, म्हणजे स्पॅनिश त्यांनाही शिकलेलीच.

गुरुवारी परत जातेय. पैसे परत करताना काय म्हणू? घासाघीस किती करावी? आणि भावापलीकडे त्यांच्याशी काही बोलायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद १

मी दोन वर्षं शेलाला (केत्सालतेनांगो) होते. अनोळखी माणसाला 'उस्तेद'च (तुम्ही) म्हणा, वय बघू नका. बाईला हाक मारायला 'सेन्यो' चालतं. पैशांसाठी एवढं पुरे : "एल दोमिंगो ले पागे दे मेनोस. ले देबो दिएस केत्सालेस." म्हणजे रविवारी कमी दिले, दहा देणं आहे.

घासाघीस यंत्राच्या मालावर खुशाल करा. कमरेच्या मागावरच्या कापडावर मी तरी करत नाही. त्यात कित्येक दिवसांची बैठक असते. ओळखायचं कसं? अशा कापडाला बऱ्याचदा चारही बाजूंनी विणलेली किनार असते, कुठे कापलेलं नसतं. पन्हा कमरेच्या मागाएवढाच, म्हणून उइपिल (बायकांचा पोलका) दोन-तीन पट्ट्या जोडून शिवलेला असतो. नक्षी गावागावाची वेगळी. "हा कुठल्या गावचा?" एवढं विचारलंत की बोलणं आपोआप सुरू होईल.

प्रतिसाद २

सराव करायचा तर आधी भाजीबाजारात जा. चौकाच्या उत्तरेला छपराखाली आहे. तिथली गिऱ्हाइकं गावचीच. टोमॅटो, अ‍ॅव्होकाडो 'लिब्रा'वर (पौंडावर) मागा. आकडा ऐकला की लगेच आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवा, साठ-सत्तरचा घोळ सगळ्यांचाच होतो. मक्याच्या तोर्तियाचं विचारा. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्यावर कुणीही हौसेने सांगेल.

चर्चच्या पुढच्या पायऱ्यांवरून आत जाऊ नका, बाजूचं दार वापरा. पूजा करणाऱ्यांचे फोटो काढू नका. आणि निघताना किचेमध्ये 'मालत्योश' म्हणा, आभार.

धागाकर्ती, शुक्रवार

जाऊन आले. आजी नव्हत्या, नात होती. वाक्य पाठ करून गेले होते, तरी 'मेनोस'ला अडखळले. तिने नोट घेतली, आणि आजीने रविवारी संध्याकाळी हिशेब सांगितला होता म्हणाली. मग एक उइपिल उलटा करून आतले टाके दाखवले, आणि मानेभोवतीची नक्षी किती दिवसांत झाली ते बोटांवर मोजून सांगितलं. सतरा दिवस. यावेळी आकडा मी परत म्हणून दाखवला.

निघताना 'मालत्योश' म्हटलं. तिने मान हलवली, शेवटचा 'श' लांबवून स्वतः म्हटला, आणि माझ्याकडून दोनदा म्हणून घेतला.