टूजी बंद करायच्या आधी शेतातली मोटर बघा

वर एका दादांनी लिहिलंय की सगळ्यांकडं आता स्मार्टफोन आलेत, टूजी म्हणजे ते जुनं मोबाईल नेटवर्क बंदच करून टाका म्हणून. दादा, आमच्याकडं पाटोद्याच्या डोंगराच्या बाजूला या एकदा. माझ्या वडिलांकडं बटनाचाच मोबाईल आहे आणि विहिरीवरच्या मोटरला जो मोबाईल स्टार्टर बसवलाय त्याच्यातलं सिम पण टूजीवरच चालतं, लाईट रात्री दोनला आली की घरूनच कॉल लावून मोटर चालू करायची, नाहीतर अंधारात साप-विंचवातून बांधानं जावं लागतं. तो डबा बंद पडला तर नवा कोण देणार?

दुसरं म्हणजे नुसता फोरजी फोन असून भागत नाही, त्याच्यात व्होल्टी (फोरजीवरूनच कॉल करायची सोय) पाहिजे आणि ते चालू पण पाहिजे, नाहीतर नेट फोरजीवर चालतं पण कॉल आला की फोन टूजी-थ्रीजीच्या जुन्या नेटवर्कवर उतरतो, आणि ते नसलं की कॉलच लागत नाही. ऑस्ट्रेलियात 2024 च्या ऑक्टोबरात थ्रीजी बंद केलं तेव्हा हीच अडचण आली, काही फोरजी फोन इमर्जन्सी कॉल थ्रीजीवरूनच लावायचे म्हणून ते फोन नेटवर्कवरून काढूनच टाकावे लागले.

जुनं नेटवर्क काढलं की तोच स्पेक्ट्रम (सिग्नलच्या लहरींचा पट्टा) फोरजीला मिळतो, स्पीड वाढतो, हे मला मान्य आहे. पण आधी वाडी-तांड्यावर फोरजीची रेंज घरात येऊ द्या, आमच्या मायला आजही फोन लावायला गच्चीवर जावं लागतं.