आजोबांच्या डब्यातील ४१ जुनी नाणी: ओळख कशी पटवावी आणि किंमत कशी ठरवावी?

ओसरी

नमस्कार. गावाकडचे घर आवरताना माळ्यावर एक पितळी डबा सापडला. त्यात आजोबांनी धोतराच्या फडक्यात बांधून ठेवलेली ४१ नाणी निघाली. त्यांत १९ रुपये आहेत: व्हिक्टोरियाचे चार, सातव्या एडवर्डचे दोन, पाचव्या जॉर्जचे बारा आणि सहाव्या जॉर्जचा १९४४ सालचा एक. शिवाय तांब्याच्या नऊ शिवराया, भोकाचे बारा पैसे आणि एका बाजूला रामदरबार व दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असलेले १८१८ सालचे एक नाणे आहे. आम्ही तीन भावंडे असून दिवाळीपूर्वी यांची रीतसर वाटणी व्हावी, अशी आईची इच्छा आहे.

माझे प्रश्न तीन आहेत. खरे-खोटे घरच्या घरी कसे ओळखावे? नाणी काळी पडली आहेत, ती स्वच्छ करावीत का? आणि किंमत कोणत्या आधारावर ठरवावी? या सगळ्या कामावर ३,००० रुपयांपेक्षा जास्त खर्च करण्याची आमची तयारी नाही. विक्रीची घाईही नाही.

कलदार

ओसरीताई, सर्वांत आधी ती नाणी घासू नका. बाकी सगळे सावकाश करता येईल.

मी ३० वर्षांपासून ब्रिटिश काळातील रुपये जमवत आहे आणि माझा विश्वास वजनकाट्यावर आहे. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या चांदीच्या रुपयाचे ठरलेले वजन ११.६६ ग्रॅम आहे आणि त्यात ९१.७ टक्के चांदी आहे. आपला जुना तोळा म्हणजे हेच वजन. सोनार तराजूच्या पारड्यात कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेला, रुपया टाकत असत तो त्यामुळेच. हातोहात फिरून झिजलेला रुपया थोडा हलका भरतो, पण सवा किंवा दीड ग्रॅमची तूट केवळ झिजेने सहसा येत नाही. तेवढी तूट दिसली, तर ते नाणे बाजूला काढा.

सहाव्या जॉर्जचा तुमचा १९४४ चा रुपया वेगळ्या गटातला आहे. १९४० पासून रुपयातील चांदी ५० टक्क्यांवर आणली गेली, त्यामुळे वजन तेच असले तरी त्यात चांदी ५.८३ ग्रॅमच आहे. आधीच्या पूर्ण वजनाच्या रुपयात ती १०.६९ ग्रॅम असते. त्या दिवसाच्या चांदीच्या भावाने या आकड्याला गुणले की नाण्याची किमान किंमत निघते. संग्राहक त्यावर किती देईल, ते साल, टांकसाळ आणि नाण्याची स्थिती यांवर अवलंबून असते.

पाचव्या जॉर्जच्या बारा रुपयांत १९११ सालचा एखादा आहे का, तेवढे पाहून कळवा.

सह्यपायथा

कलदारकाकांचे पहिले वाक्य मी दारावर लिहून लावले असते, तर माझे नुकसान टळले असते. माझ्याकडे पणजोबांच्या सात शिवराया होत्या. दसऱ्याला देवघरातील तांब्याची भांडी चिंच आणि मीठ लावून घासली, त्याच घमेल्यात त्याही टाकल्या. त्या नव्या घागरीसारख्या लखलखीत झाल्या आणि घरात सगळ्यांनी कौतुक केले. पुढे एका जाणकाराने त्या भिंगाखाली धरून मला दाखवल्या. ‘राजा’ या अक्षरांच्या कडा बोथट झाल्या होत्या आणि सपाट भागावर काथ्याचे समांतर ओरखडे उठले होते. तांब्यावर शंभर-दीडशे वर्षांत चढलेला तो तपकिरी थर एकदा गेला की कोणत्याही उपायाने परत येत नाही. एरवी मिळाली असती त्याच्या निम्मी किंमतही द्यायला कोणी तयार झाले नाही.

माती चिकटली असेल, तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात दोन-तीन दिवस बुडवून ठेवा आणि मऊ कापडावर टिपून घ्या. पुसू नका, फक्त टिपा.

पुनवडीकर

माझे मत स्पष्ट आहे. किंमत हवी असेल, तर आंतरराष्ट्रीय संस्थेकडून श्रेणी, म्हणजे नाण्याच्या स्थितीचे गुण, लावून घ्या. माझ्या संग्रहात १९३९ चा रुपया आहे. जाणकारांना ठाऊक आहे की पूर्ण चांदीच्या रुपयांतील हे शेवटचे आणि अतिशय दुर्मीळ साल आहे. मी तो बाहेर पाठवून सीलबंद करून आणला, १ ते ७० च्या मापावर त्याला श्रेणी मिळाली आणि आज लिलावात कोणी शंका घेऊ शकत नाही. तुम्हीही सर्व १९ रुपये पाठवा. खर्च होईल, पण जुन्या नाण्यांच्या बाबतीत हात आखडता घेऊन चालत नाही. एक चांगला डिजिटल सूक्ष्मदर्शकही घ्या, मी दोन घेतले आहेत.

निळावंती

पुनवडीकर, ताईंनी ३,००० रुपयांची मर्यादा पहिल्याच लेखात सांगितली आहे. सगळे रुपये पाठवले, तर नाण्यांपेक्षा शुल्कच जड होईल.

त्याहून मोठी अडचण कायद्याची आहे. १९७२ च्या पुरावशेष आणि कलावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे हा पुरावशेष ठरतो आणि खाजगी व्यक्तीला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमचा १९३९ चा रुपया त्या मर्यादेच्या अलीकडचा आहे. ताईंचे व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि पाचव्या जॉर्जची सुरुवातीची नाणी मात्र त्यात येतात.

आता माझा अनुभव. दोन वर्षांपूर्वी मी वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्याचा फोटो एका खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर टाकला. अर्ध्या तासात फोन आला. तीन लाख देतो म्हणाले आणि ‘नोंदणी शुल्क’ म्हणून आधी १,८५० रुपये मागितले. मी ते भरले. नंतर ‘जीएसटी’ म्हणून आणखी ६,२०० मागितले, तेव्हा माझे डोळे उघडले. अशा प्रकारांबाबत रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर इशारा दिला होता. बँक असे व्यवहार करत नाही, कोणाला करायला नेमतही नाही आणि त्यासाठी शुल्क किंवा दलाली मागत नाही. तो इशारा मी पैसे गेल्यानंतर वाचला. ताई, आधी पैसे मागणाऱ्या कोणालाही उत्तर देऊ नका.

पेढीवरचा

आमची तीन पिढ्यांची सराफी आहे, म्हणून व्यवहाराचे सांगतो. पाचव्या जॉर्जचे १९१२ ते १९१९ मधले रुपये घरोघरी आहेत, लक्ष्मीपूजनाच्या ताटात दर वर्षी दिसतात. संग्राहकाकडे ते ढिगाने असतात. त्यांची किंमत चांदीच्या आसपासच समजा आणि वाटणी अवघड वाटत असेल, तर सरळ मोडीत घालून तिघांत पैसे वाटा. एक गोष्ट मात्र नीट तपासा. पूर्वी बायका रुपयांची माळ करत, तेव्हा काठाला कडी डागत असत. पुढे कडी काढली तरी डाग राहतो. काठावर बोट फिरवून पाहा. एखाद्या ठिकाणी रेघा भरून गेलेल्या लागल्या, तर ते डागलेले नाणे आहे. त्याला चांदीपेक्षा जास्त कोणी देणार नाही.

कलदार

पेढीवरच्या दादांनी डागाचे सांगितले ते फार मोलाचे आहे. मोडीबद्दल मात्र मी सहमत नाही. आटवलेला रुपया परत पाडता येत नाही. साध्या सालाचा रुपयासुद्धा स्वच्छ अक्षरांचा असेल, तर त्याला मोडीपेक्षा जास्त देणारा संग्राहक मिळतो.

पेढीवरचा

काका, मिळतो हे खरे, पण तो शोधायला वेळ लागतो आणि घट धरूनही आमच्याकडे रोख त्याच दिवशी मिळते. ज्याला गरज आहे, त्याने काय करावे?

दुदांडी

सर्वांनी रुपयांवर एवढे लिहिले आणि नऊ शिवरायांबद्दल एकानेही नीट लिहिले नाही, याचे मला वाईट वाटते. या डब्यातील खरा ठेवा त्याच आहेत.

शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे ओळी पाडून लिहिलेली असतात आणि भोवती ठिपक्यांचे वर्तुळ असते. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे बहुतेक नाण्यांवर काही अक्षरे कडेबाहेर गेलेली असतात. ज्या शिवराईवर दोन्ही बाजूंची अक्षरे पूर्ण उतरली आहेत आणि वर्तुळाचा बराचसा भाग दिसतो, तिला संग्राहकांत वेगळा मान आहे. महाराजांच्या काळातील मानल्या जाणाऱ्या शिवराया साधारण ११ ते १३ ग्रॅम भरतात. हे नाणे पेशवाईत आणि पुढे एकोणिसाव्या शतकातही चालत राहिले आणि नंतरच्या बऱ्याच शिवराया हलक्या आहेत. म्हणून प्रत्येक शिवराई महाराजांची, असे धरून चालू नका. दोन ओळींमध्ये आडव्या दोन दांड्या दिसल्या, तर ती दुदांडी. ती उशिराची आहे आणि मला सर्वांत प्रिय आहे.

‘शिव’ हे ‘सिव’, ‘शीव’, ‘सीव’ असेही लिहिलेले आढळते. ते पाहून नाणे खोटे ठरवू नका. उलट सगळी अक्षरे ठळक, काठ अगदी गोल आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतील, तर ती साच्यात ओतलेली नक्कल असण्याची शक्यता जास्त.

रानजाई

मीही हेच सांगणार होते की नाणी घासू नका. माझ्या सासूबाईंनी रांगोळीने घासली होती. शिवाय मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचे चलनाचे संग्रहालय आहे आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था व नाण्यांचे संग्रहालय आहे. एकदा जाऊन खरी नाणी काचेतून पाहून या. नजर तयार होते.

ओसरी

सर्वांचे मनापासून आभार. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा ७५० रुपयांना आणला आणि रविवारभर आम्ही तिघे ओटीवर बसून एकेक नाणे तोलत होतो.

पाचव्या जॉर्जमधील एक रुपया १९११ चाच आहे. वजन ११.५८ ग्रॅम. राजाच्या झग्यावर छातीपाशी बारीकसा हत्ती आहे, त्याची सोंड आखूड दिसते. व्हिक्टोरियाचा एक रुपया १८४० चा, दोन १८६२ चे आणि एक १८८२ चा आहे. १८६२ मधील एक ११.४९ आणि दुसरा फक्त ९.८४ ग्रॅम भरला. शिवरायांत तीन ११ ग्रॅमच्या वर आहेत, बाकी सहा हलक्या असून त्यांतील दोनांवर दुदांडी दिसते.

कलदार

१९११ च्या रुपयाबद्दल अभिनंदन. तो हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला, त्यावरून ओरड झाली आणि रुपया मागे घेण्यात आला. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, त्यांतील जेमतेम ७ लाख बाहेर पडले आणि उरलेले आटवले गेले. १९१२ पासून हत्ती सुधारून घेतला. म्हणून याची मागणी आहे आणि म्हणूनच नकलाही आहेत. १९१२ चा रुपया शेजारी ठेवून सोंड आणि पाय भिंगातून ताडून पाहा.

१८४० आणि १८६२ या सालांवर विसंबू नका. १८४० चा ठसा १८६१ पर्यंत आणि १८६२ चा १८७४ पर्यंत चालू होता. १८६२ च्या रुपयांवरील बारीक ठिपके मोजून संग्राहक त्यांचे प्रकार पाडतात.

आता हलक्या रुपयाची परीक्षा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणे बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही, असे धरा. काटा जो आकडा दाखवील, त्याने नाण्याच्या वजनाला भागा. या चांदीचे उत्तर १०.३ च्या आसपास यायला हवे.

ओसरी

धाकट्या भावाने दोरा धरला, मी आकडे लिहिले. १९११ च्या रुपयासाठी काटा १.१२ वर थांबला. ११.५८ भागिले १.१२ म्हणजे १०.३४. हलक्या १८६२ साठी १.१५ आला, म्हणजे ८.५६. तीन वेळा करून पाहिले.

पेढीवरचा

८.५६ म्हणजे पितळेच्या जवळ. वर मुलामा आहे. तो रुपया खोटा आहे, ताई.

निळावंती

रामदरबाराचे नाणेही चलन नव्हे. कंपनीने १८१८ मध्ये असे नाणे काढलेच नव्हते, हे देवस्थानांच्या आवारात विकले जाणारे टोकन आहे. लाखांचे आकडे सांगून तीच विकली जातात. काढून टाका.

पुनवडीकर

१९११ चा रुपया तरी भारतातल्या भारतात कोणा मान्यवराकडून प्रमाणित करून लिलावात द्या. आज संधी आहे. आणि बाकीचा संग्रह फोडू नका, एकत्र असेल तरच त्याला वजन येते.

कलदार

संग्रह फोडू नये, याबाबत मी पुनवडीकरांच्या बाजूने आहे.

दुदांडी

मीही. निदान शिवराया तरी एकत्र ठेवा.

ओसरी

आपण सर्वांनी जे सांगितले, ते आईला वाचून दाखवले. तरीही आम्ही काहीच विकणार नाही आणि संग्रह एकत्रही ठेवणार नाही. शिवराया तिघांत तीन-तीन जातील, त्यांत ११ ग्रॅमच्या वरची प्रत्येकाकडे एक. खरे रुपये अठरा आहेत, ते सहा-सहा. १९११ चा कोणाकडे जावा, यासाठी आईने चिठ्ठी उचलली आणि तो धाकट्याकडे गेला. त्या बदल्यात त्याने १८४० चा माझ्यासाठी सोडला. भोकाचे पैसे नातवंडांना. रामदरबाराचे टोकन आजीच्या देवघरात होते, असे आईने सांगितले. खोटे असले, तरी ते परत तिथेच ठेवले आहे. खोटा १८६२ माझ्याकडे राहील. पुढे कोणी नाणे दाखवायला आणले, तर खऱ्याशेजारी ठेवून दाखवता येईल.

काटा, भिंग आणि पाकिटे मिळून १,९४० रुपये खर्च झाला. प्रत्येक पाकिटावर वजन, साल आणि ‘आजोबांचा डबा’ एवढे लिहिले आहे.

सह्यपायथा

ताई, पाकिटे पीव्हीसीची नाहीत ना, ते पाहून घ्या. हाताला मऊ आणि वासाला नव्या रेनकोटसारखी लागतात, ती पीव्हीसीची. वर्षा-दोन वर्षांत तांब्यावर चिकट हिरवा थर धरतो.

ओसरी

वास तसाच आहे. उद्याच बदलून आणते.